भावोजींचं रुग्णभेट मंडळ

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवत आले. शेजारच्या सीटवर बसायचं, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि आपल्या पायाखाली वेगळा ब्रेक ठेवायचा, असा तो धंदा. निवृत्त झाल्यावर शिकाऊ माणसं संपली, पण ब्रेक दाबायची सवय काही गेली नाही. मग ते चर्चच्या मंडळांमध्ये शिरले.

त्याला निमित्त झाले आमचे नवे फादर. तरुण माणूस, हौशी. एका रविवारी मिस्सेची उपासना संपता संपता ते म्हणाले, "नुसतं बाकावर बसून घरी जाऊ नका. प्रत्येकाने कुठल्या तरी सेवेत भाग घ्या." अंगणात टेबलं मांडलेली होती. गायकवृंद, वाचक, स्वागत, फुलांची सजावट, सगळे आपापल्या टेबलामागे दुकान थाटून बसले होते. भावोजींनी पहिल्या टेबलापासून सुरुवात केली.

गायकवृंदात ते गाताना सगळ्यांच्या पुढे पळत. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी हात जोडले, तेव्हा ते वाचकांकडे गेले. तिथे संत पौलाचं पत्र त्यांनी वाहतुकीचे नियम सांगावेत तसं वाचलं. स्वागत मंडळात ते माणसांना बाकांवर बसवत नसत, लावत. "थोडं आत घ्या. अजून आत. बस." एका म्हातारीला त्यांनी इतकं पुढेमागे केलं की ती मिस्सा न ऐकताच घरी गेली. शेवटी फादरांनी त्यांना आजाऱ्यांकडे पाठवलं. आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

असं रुग्णभेट मंडळ निघालं आणि भावोजी त्याचे अध्यक्ष झाले. छातीवर बिल्ला, खांद्यावर निळी पट्टी. भेटीचा क्रम ठरला: आधी गाणं, मग बायबलचं वाचन, मग अध्यक्षांचं मार्गदर्शन, मग लांबलचक प्रार्थना आणि शेवटी आजाऱ्याभोवती उभं राहून फोटो. प्रार्थना चालू असताना कोणी जागचं हलायचं नाही, हा नियम खास भावोजींचा. फोटो लगेच ग्रुपवर पडत. त्यात भावोजी टवटवीत दिसत, आणि पलंगावरचा माणूस होता त्याहून आजारी.

भेट झाली की ही वरात ताईच्या घरी यायची. ताई, म्हणजे माझी बहीण, चहा टाकायची. ती स्वतः कुठल्याच मंडळात नव्हती, कारण सगळ्या मंडळांचा चहा तीच करत होती.

या मंडळात चपलांच्या दुकानात काम करणारी एक बाई आली. दिवसभर लोकांचे पाय मापायचे, म्हणून तिला सगळे मापवालीच म्हणत. नवरा वारलेला, मुलगी लग्न करून लांब गेलेली. रिकाम्या घरात टीव्हीशी भांडून कंटाळले म्हणून आले, असं तिने सरळ सांगून टाकलं. देवाने हाक मारली वगैरे भानगड नाही. पहिल्याच भेटीत तिने घोळ घातला. अर्धांगवायू झालेल्या एका शिंप्याच्या घरी प्रार्थना अगदी रंगात आली होती, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि ही मध्येच म्हणाली, "जरा थांबा हो. त्यांना लघवीला जायचंय."

घरी आल्यावर भावोजी कितीतरी वेळ धुमसत होते. "प्रार्थनेत लघवी? काही पाचपोच आहे की नाही?"

"पण त्यांना लागली होती का?" मी विचारलं.

"प्रश्न तो नाहीये."

मापवालीची बदली झाली. चर्चच्या मागच्या खोलीत मेणबत्त्यांच्या स्टँडवरचं मेण खरवडायला तिला बसवलं. ही पण सेवाच आहे, असं भावोजींनी तिला समजावलं. स्वतः मात्र त्या खोलीत कधी डोकावले नाहीत.

पुढे मंडळाचा बॅनर चर्चच्या दारावर लावायचा होता. लावणारा माणूस शिडीवर चढलेला होता, त्याचं काम बरं चाललं होतं. पण कुणाचं काम बरं चाललेलं भावोजींना बघवत नाही. ते शेजारी खुर्चीवर चढले आणि "थोडं डावीकडे, अजून डावीकडे" करता करता स्वतःच डावीकडे गेले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि त्यांना घरी आणून बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर ठेवलं.

मग रुग्णभेट मंडळ त्यांना भेटायला आलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. खोटं कशाला सांगू, मला मजा बघायची होती. गाणं झालं, एकही कडवं न गाळता. वाचन झालं. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले उपाध्यक्ष मार्गदर्शनाला उभे राहिले. "दुखणं ही देणगी असते," ते म्हणाले. हे वाक्य भावोजींचंच, घरोघरी वापरून गुळगुळीत झालेलं. भावोजींनी ते पहिल्यांदाच आडवं पडून ऐकलं. मग प्रार्थना सुरू झाली. रोग्यांसाठी, रोग्यांच्या नातेवाइकांसाठी, डॉक्टरांसाठी, डॉक्टरांच्या नातेवाइकांसाठी. तेवढ्यात भावोजींचा चेहरा बदलला. चादर मुठीत धरून ते ताईकडे डोळ्यांनी खुणा करायला लागले. ताई लघवीचं भांडं घ्यायला वळली, तर उपाध्यक्षांनी डोळे न उघडता तळहात वर केला. प्रार्थनेत हलायचं नाही.

मी म्हणाले असते. तोंडाशी आलं होतं. पण भावोजींनीच माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटली त्यांना.

प्रार्थना संपली, फोटो झाला, चहा झाला. मंडळी गेल्यावर ताईने चादर बदलली, खालचं मेणकापड पुसलं. भावोजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. "हवेत गारवा आहे ना आज," एवढंच म्हणाले. ताईने खिडकी लावून घेतली.

मग बाकीच्यांची रीघ लागली. गायकवृंद आला, वाचक आले. भावोजी झोपेचं सोंग घ्यायला शिकले, तर गायकवृंद आवाज चढवून गायला लागला. ताईचे पाय चुलीपाशी उभं राहून सुजले. ते कुणाला दिसले नाहीत. ती आजारी नव्हती ना.

एके दिवशी दुपारी मापवाली आली. हातात फुलं नाहीत, पुस्तक नाही. खुर्ची ओढून बसली आणि पलंगाकडे बघत राहिली. भावोजींच्या पायाच्या अंगठ्याचं नख पांघरुणात अडकून दोरे निघाले होते.

"नखं कोण कापतं तुमची?" तिने विचारलं.

भावोजी खिडकीबाहेर बघायला लागले.

"वाकता येत नाही ना? आणि वहिनींना सांगत नसाल."

"राहू द्या," भावोजी म्हणाले. "बरं दिसत नाही ते."

"दिवसभर मी हेच बघते. तुमचे काही वेगळे नाहीत." मग मला म्हणाली, "जरा गरम पाणी आणता का?"

मी आणलं. तिने मांडीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं, पाय ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला आणि नखं मऊ झाल्यावर कापायला घेतली. कापता कापता टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला शिव्या घालत होती. मध्येच भावोजींनी विचारलं, "मेणाचं काम कसं चाललंय?"

"मेण काय, रोज सांडतं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नख खोलवर कापलं गेलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. त्यांच्याबद्दल चांगलं समजायची मला सवय नाही. जाताना मापवालीने ताईलाही खुर्चीत बसवलं आणि तिच्या सुजलेल्या पायांवरून हात फिरवला. "वहिनी, चपला एक माप मोठ्या घ्या. आणि थोडं बसत जा."

ती नंतरही येत राहिली. भावोजी काठी घेऊन चालायला लागले, तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस जरा शहाणा झाला असेल. मीही भोळीच.

पहिल्याच रविवारी मिस्सेनंतर ते काठी टेकत माइकपाशी गेले. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच प्रेरणेने नवीन मंडळ स्थापन होत आहे. नाव पादसेवा मंडळ. अध्यक्ष ते स्वतः. पट्टी या वेळी हिरवी. पुढच्या रविवारी प्रात्यक्षिक ठेवलं: मंचावर एक आजोबा, बादली, पांढरा टॉवेल आणि नखं कापून दाखवायला मापवाली. अध्यक्ष बाजूला उभे राहून समजावून सांगणार होते.

मापवालीने मंचाकडे पाहिलं. "यांना इथे नखं कापायची आहेत का, विचारलंत?"

आजोबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"अहो, नुसतं दाखवायचंय," भावोजी म्हणाले.

"मग तुमचे दाखवा," ती म्हणाली आणि मंचावरून उतरून गेली.

पादसेवा मंडळ अजून चालू आहे. दर गुरुवारी ताईच्या घरी बैठक भरते, उपाध्यक्ष असतात, फोटो असतात. अजून त्यांनी एकही नख कापलेलं नाही. नखं कुठल्या पद्धतीने कापावीत यावर चर्चा चालू आहे.

मध्यंतरी एका गुरुवारी मंडळी जमली आणि ताई नव्या चपला घालून बाहेर आली. पिशवीत टॉवेल आणि नेलकटर.

"कुठे निघालीस? चहा?" भावोजींनी विचारलं.

"शिंप्याकडे चाललोय आम्ही. साखर वरच्या फळीवर आहे."

दाराबाहेर मापवाली उभी होती. त्या शिंप्याला आता बोलता येत नाही, पण ह्या दोघी गेल्या की तो आपणहून पाय पुढे करतो, असं ताई सांगते. फादरांनी तिला विचारलं की तुम्ही कुठल्या मंडळात आहात, तर म्हणाली, कुठल्याच नाही. फादर म्हणाले, मग तुमचंच एक काढूया का? ताई म्हणाली, नको, नाहीतर आमचे हे अध्यक्ष होतील.

मला दोघींनी पुष्कळदा बोलावलं. मी जात नाही. मला लोकांच्या पायांना हात लावायला आवडत नाही, आणि ते मी तोंडावर सांगते. त्या गुरुवारी मी मात्र तिथेच थांबले होते. भावोजींनी चहा केला, साखर न घालता. उपाध्यक्षांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि चर्चा पुढे चालू केली.