एका वॉर्मरवर दोन बाळं

नवजात बाळांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना सगळे मागून ‘तोफ’ म्हणत. बाळांना ऊब देणारे दोन वॉर्मर त्यांच्या ताब्यात होते आणि त्यातला एक कित्येक महिने बंद होता. दुरुस्तीला निधी नाही, एवढंच उत्तर यायचं. खाली स्वागतकक्षाला मात्र चकचकीत फरशी बसली, आणि तिच्या उद्घाटनाला आरोग्यखात्याचे साहेब येणार असं ठरलं.

त्या सकाळी अधीक्षक धापा टाकत वर आले. चालू वॉर्मरवर दोन बाळं शेजारी शेजारी झोपलेली पाहून त्यांचा पारा चढला.

“साहेब इथे फोटो काढणार आहेत. यातलं एक हलवा.”

“कोणतं हलवू?” सिस्टर म्हणाल्या. “तुम्ही बोट दाखवा, मी उचलते.”

अधीक्षक दात-ओठ खात निघून गेले. दाराशी उभा असलेला एका बाळाचा बाप हे ऐकून सिस्टरवरच उखडला. “माझ्या पोरीला काही झालं ना, तर तुम्हाला सोडणार नाही!”

“माझ्यावर कशाला डाफरता? निधी अडवणारे खाली हार घालून घेताहेत. तिथे जाऊन बोंबला की!”

तो खरंच गेला. दुसऱ्या बाळाच्या मामालाही त्याने सोबत नेलं आणि दोघांनी सगळ्यांदेखत साहेबांची गाडी अडवली.

आठवड्याच्या आत वॉर्मर सुरू झाला. सिस्टरची बदली औषधांच्या कोठारात झाली. निरोपाला अधीक्षक गुच्छ घेऊन आले, पण सिस्टरनी हात पुढे केला नाही.

“तुमची सून बाळंत झाली की बाळ इथेच आणा. आता एकालाही हलवावं लागणार नाही,” एवढं बोलून त्या जिना उतरल्या.