मटार सोलून होईपर्यंत

सुमतीबाई प्रश्न विचारायच्या आणि मटार सोलायला बसायच्या. मांडीवर परात, नजर आकाशातल्या पतंगांकडे. उत्तराची वाट बघतायत असं तोंडावर कुठे दिसायचं नाही. जयपूरचं थंडीतलं ऊन गच्चीवर मऊ पसरलेलं असायचं. परातीत दाणे पडल्याचा आवाज ऐकताना मला वाटायचं, आपण जागे नाही, कुठल्या तरी जुन्या दुपारच्या झोपेत बसलोय.

बदलीवर आलेल्या मराठी माणसांच्या मुलांना त्या जयपूरच्या मानसरोवर वस्तीत, आपल्या घराच्या गच्चीवर दर रविवारी मराठी शिकवायच्या. नवरा विमा कंपनीत, माहेर वर्ध्याचं. दहा मुलं, पण एकासारखं एक नाही. कुणाला बोलता येई, वाचता येत नसे. कुणी हिंदी शाळेमुळे घडाघडा वाची, पण अर्थ कळत नसे. एकाला बूड टेकवून बसवत नसे. त्याला त्या एका वाक्याला एक पायरी करत जिना चढायला लावायच्या. एक पोरगी सगळ्यांआधी उत्तर देऊन मोकळी व्हायची. तिला म्हणायच्या, "तू माझ्या कानात सांग. दुसऱ्याचा घास खायचा नाही."

मी बार्शीचा शिंपी. चौथी शिकलोय, पण जन्मभर कातर चालवली, कुणापुढे मान तुकवली नाही. मुलगा बँकेत, म्हणून इकडे आलो. मला हे पटेना. "बाई, एक धडा आणि दहा तऱ्हा? आमच्या मास्तरांची एकच छडी सगळ्यांना पुरायची."

"आणि तुम्ही काका, गावभर एकाच मापाचे सदरे शिवले का?"

मी हसण्यावारी नेलं. पटलं असं मात्र म्हणालो नाही.

माझी नात ईरा आठ वर्षांची. बोलताना अडायची. पहिलं अक्षर ओठांवर येऊन थांबायचं. शाळेत मुलं हसत, म्हणून ती घरीसुद्धा मानेनंच हो-नाही करायला लागली होती. पोरगी मुकीच होते की काय, असा सुनेला घोर. मी गच्चीवर तिच्या शेजारी बसायचो आणि तिची उत्तरं आपणच देऊन टाकायचो. पोरीची लाज राखली, असं वाटायचं मला.

तिसऱ्या रविवारी बाईंनी माझ्यापुढे कापडाची थप्पी ठेवली. "मुलांना पिशव्या पाहिजेत नं काका. तुमच्यासारखा हात इथे कुठे मिळते?"

मी फुगलो. डबी उघडली आणि सवयीनं पाच-सहा टाचण्या ओठांत धरल्या.

"ईरा, तुमच्या गच्चीवर सकाळी कोण येते?" बाईंनी विचारलं.

उत्तर मला ठाऊक होतं, पण तोंडात टाचण्या. बाई मटार सोलत होत्या. मुलांनीही शेंगा घेतल्या. तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. लांब एक पतंग कटला आणि डुलत डुलत खाली यायला लागला. तो छपरांमागे गेला तेव्हा ईरा म्हणाली, "म... मोर. मतलब, मोर आणि त्याची बायको."

"लांडोर," बाई वर न बघता म्हणाल्या. "उद्या आली की तिला माझा नमस्कार सांग."

पिशव्या संपत आल्या की बाई नवं कापड आणायच्या. दहा मुलांना तीस पिशव्या झाल्या, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "बाई, हे काम माझ्या हाताला दिलंत का तोंडाला?"

"माझ्या वर्गात अकरा मुलं आहेत, काका. ज्याला त्याला आपापलं काम."

मला राग आला. दोन रविवार गेलो नाही. तिसऱ्या रविवारी ईराच माझी चप्पल घेऊन आली. "आ... आजोबा, चला." तिनं आपण होऊन हाक मारल्यावर बसून कसं राहणार?

माघ सरता सरता बाईंच्या नवऱ्याची बदली झाली. शेवटच्या रविवारी सगळ्यांचे आईबाप जमले. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही बोला नं काही."

मी उभा राहिलो. तोंडात टाचणी नव्हती, तरी शब्द येईना. माझ्या वतीनं बोलायला मुलगा उठला, तर ईरानं त्याचा हात धरून खाली बसवला.

"सा... सावकाश, आजोबा," ती म्हणाली, आणि खाली बघून शेंग सोलायला लागली. मग सगळेच सोलायला लागले.

परात भरत आली तेव्हा मी म्हणालो, "बाई, माझं चुकत होतं."

हे वाक्य मी त्याआधी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. बाईंनी वर पाहिलं नाही. फक्त मूठभर शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.