आमच्या ग्रुपचं बारसं

मांडणीवरून एक झाकण काढायला जावं आणि पाच झाकणं धडाधड खाली यावीत, तसं आमच्या नाटकाच्या ग्रुपच्या किश्श्यांचं आहे. (झाकण पडलं की मी दचकते. मी कशानंही दचकते. मोबाईल व्हायब्रेट झाला तरी!) त्यातलं हे नावाचं झाकण आधी काढते.

आम्ही नाशिकला सिडकोतल्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये तालमी करतो. दिग्दर्शक दिनेशदादा, सिन्नरच्या एमआयडीसीत नोकरीला. मुख्य भूमिकेत त्याची बायको, शुभांगीवहिनी. लाइट्सला देवळ्याचा बापू. आणि मी, कॉलेजपासून बॅकस्टेजला. कप आण, पिना दे, दार धर. यंदा एकांकिका स्पर्धेसाठी दादानं मला पहिल्यांदा वाक्य दिलं! मी कामवाली. धावत यायचं आणि ओरडायचं, "बाई, दूध उतू गेलं!" वहिनी म्हणणार, "मग गॅस बंद कर!" संपलं. पण वाक्य ते वाक्य!

आता फक्त प्रवेशिकेवर ग्रुपचं नाव हवं होतं.

"नाव काय, पाच मिनिटांत ठरवू," दादा म्हणाला.

मला तेव्हाच धडकी भरली. नाव नाही तर स्पर्धा नाही, आणि स्पर्धा नाही तर माझं वाक्यही नाही.

*

पहिल्या बैठकीत जो तो 'गोदा'पासून सुरू. गोदारंग, गोदाकाठ, गोदा अमुक, गोदा तमुक. दादानं नदीवर बंदी घातली. मग गाडी द्राक्षांवर आली. त्यावरही बंदी.

बापू शिडीवरून म्हणाला, "मग कांदा ठेवा! नाहीतरी पब्लिकला रडवायचंच आहे."

एकानं 'अभिव्यक्तिबिंदू सांस्कृतिक व सामाजिक कलामंच, नवीन नाशिक' असं सुचवलं. चिडला की बापू गावच्या बोलीत शिरतो. "हाई नाव शे का पत्ता शे?"

*

दादाचं म्हणणं, नाव कागदावर नाही, माईकवर कळतं. म्हणून एका सकाळी त्यानं कुठून तरी भोंगा आणला आणि हॉलच्या गेटवर उभा राहून एकेक नाव पुकारायला लागला. पहिल्याच नावाला मी पायरीवरून घसरले.

तिसऱ्या नावाला समोरच्या बिल्डिंगीतून बायका धावत आल्या. प्रत्येकीच्या हातात दोन-दोन बादल्या. सगळ्यात पुढच्या काकू धापा टाकत म्हणाल्या,

"घंटागाडी कुठंय? आम्ही ओला-सुका वेगळा केलाय हो!"

*

मग दादाला वाटलं, निदान आद्याक्षर तरी शास्त्रानं काढू. त्र्यंबकला एक ओळखीचे गुरुजी आहेत. त्यांना फोन लावला, स्पीकरवर.

"गुरुजी, नाव ठेवायचंय. अक्षर काढून द्या."

"अरे वा! अभिनंदन! मुलगा की मुलगी?"

दादा घाईत म्हणाला, "तीन मुली आणि पाच मुलं."

गुरुजींचा अगदी हळू आवाज आला,

"आईची तब्येत कशी आहे?"

*

या सगळ्यात मी माझं वाक्य पाठ करत होते. चार शब्दांचं काय पाठ करायचं, असं तुम्ही म्हणाल. पण मला स्वप्नात 'बाई' आठवायचं आणि पुढचं नाही! म्हणून येता-जाता पुटपुटायचे. सीबीएस स्टँडवर एक एसटी रिव्हर्स घेताना माझ्या कानाशी हॉर्न वाजला आणि मी जीव खाऊन किंचाळले, "बाई, दूध उतू गेलं!"

कंडक्टरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो ताई, मग घरी पळा ना! इथं काय करताय?"

*

शेवटी दोनच नावं उरली. दादाचं 'बिंब' आणि वहिनीचं 'तरंग'. आणि दोघांचं बोलणं बंद! घरातही आणि तालमीतही. निरोप्या मी.

"तुझ्या दादाला सांग, बिंब हे आरशाच्या दुकानाचं नाव वाटतं."

"तुझ्या वहिनीला सांग, तरंग म्हणजे फिनेल."

एका संध्याकाळी वहिनीनं नाटकातलं दुधाचं पातेलं पिशवीत घातलं आणि घरी घेऊन गेली. पातेलंच नाही तर दूध कुठलं उतू जाणार? मी विंगेत बसून रडले.

बापूला दया आली असावी. तोच दोघांना म्हणाला, "दोन्ही जोडून टाका, बिंबतरंग. आणि रीतसर बारसं करा. आत्यानं एकदा नाव घेतलं की आई-बापाला बोलायचं काम नाही."

आत्या कोण? दादाला राखी मीच बांधते.

बारशाच्या दिवशी हॉलमध्ये पाळणा टांगला, त्यात बाळ म्हणून एकांकिकेची संहिता, कुंची घातलेली. घुगऱ्या, पेढे, सगळं. वहिनीनं ओटीसोबत पातेलंही परत आणलं होतं, मी आधी तेच बघितलं. मग पाळण्यात वाकले. मनात घोकत होते, बिंबतरंग, बिंबतरंग. "कुर्रर्र..." म्हटलं, आणि रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे बसले. त्यातला एक बापूचा. कांद्याच्या गोण्या उचललेला हात!

"बाई, दूध उतू गेलं!"

पाळणा नुसता हलत राहिला. मी तर डोळेच मिटून घेतले.

"यात बिंब नाही ना?" वहिनीनं विचारलं. किती दिवसांनी थेट दादाला!

"तरंगही नाही," दादा म्हणाला.

"मग ठेवा," वहिनी म्हणाली. "आत्यानं घेतलं ते नाव."

*

स्पर्धेच्या दिवशी निवेदिकेनं कागद दोनदा वाचला, मग माईकवर म्हणाली, "सादर करीत आहे, नाशिकची संस्था, दूध उतू गेलं!" हॉलमध्ये जो हशा पिकला, तो पडदा वर गेला तरी चालूच. त्यात स्टेजवर गॅस आणि गॅसवर पातेलं! पब्लिक टपूनच बसलं.

माझी एंट्री आली. मी धावत गेले, तोंड उघडलं,

"बाई..."

आणि अख्खा हॉल एका सुरात ओरडला, "दूध उतू गेलं!"

मी अशी दचकले म्हणता! हातातलं फडकं उडालं. आणि माझ्या तोंडून खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बाहेर पडलं,

"बिंबतरंग!"

वहिनीची पापणीसुद्धा हलली नाही.

"मग गॅस बंद कर!"