मुंगीचं बाळंतपण

सत्तर सालानंतरच्या कुठल्याशा पावसाळ्यात थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे शुक्रवार पेठेत आली, आणि त्याच पावसाळ्यात मी एक मुंगी पाळली. पोरीला सायन्सला घातलं की असंच व्हायचं, असं आई म्हणाली.

दाणे वेचून बिळात साठवणाऱ्या काळ्या मुंग्यांची ती राणी होती. पंख गाळून अंगणात बीळ करायला जागा शोधत होती. कॉलेजातल्या सरांनी मला काचेची नळी दिली. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी आणि तोंडाला पुन्हा बोळा. अंधारात ठेव, म्हणाले. खायला काय घालायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

नळी स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात गेली, म्हणजे आत्याच्या ताब्यात. आत्याला मूल झालं नाही म्हणून करकंबच्या सासरच्यांनी दुसरी सून आणली आणि हिला आमच्याकडे पाठवून दिलं होतं. तेव्हापासून आमचं घर तिच्याच जिवावर चालायचं. बहिणीला मुलगा झाला, तेव्हा डिंक तळणं, खारीक कुटणं, लाडू वळणं, सगळं तिनेच केलं. फक्त बाळंतिणीच्या खोलीत जायची तिला मुभा नव्हती. मूल नसलेल्या बाईची सावली नको, हा आमच्याकडचा रिवाज. लाडू आत्याचे, आत नेणार आई. मी चिडायचे, आत्याच मला समजवायची, असू दे की, उंबरा काय पळून जातोय.

एका सकाळी तिने नळी उजेडाकडे धरून मला हाक मारली. राणीच्या तोंडाशी पांढऱ्या अंड्यांचा इवलासा पुंजका होता. आत्याचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

"ही बाळंतीण हाय की गं. आन् तू हिला उपाशी ठेवलंस व्हय?"

दाणे खाणारी मुंगी, तेव्हा ज्वारी घालू, असं मी सुचवलं. राणीने ज्वारीच्या कणीला तोंडही लावलं नाही. मग आत्याने तिची उस्तवार स्वतःकडे घेतली. बाळंतिणीला कोरडं कसं गिळवेल, म्हणून तुपागुळात भिजवलेला लाडवाचा चुरा. रोज बोळा काढायचा, शिळा चुरा काढून ताजा घालायचा आणि दोन शब्द बोलायचे. खोलीत आई बहिणीला भरवायची, चुलीपाशी आत्या मुंगीला. मला हसू यायचं आणि फार बरंही वाटायचं.

पुढे नळीत पांढरी लव धरली. अंडी कमी कमी होत गेली. राणीच ती खात होती. शेवटी तीही पाय आखडून पडली. आत्याने तिला परसात पुरलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही. माझं काय कमी पडलं ते सरांना विचारून ये, असं तिनेच मला सांगितलं.

सर म्हणाले, काही जातींच्या राण्या बाहेर पडून दाणे आणतात, पण ही तसली नव्हे. ही स्वतःला कोंडून घेते आणि पहिली पिल्लं मोठी होईपर्यंत काही खात नाही. पंख गळल्यावर त्यांचे स्नायू अंगातच जिरवून त्यावर निभावते. रोज नळी उघडल्याने ती बिथरली आणि ओल्या खाण्याने बुरशी आली.

घरी येताना मी वाटभर खोटं जुळवत होते. आजारी होती, थंडी बाधली, काहीतरी. पण आत्या दारातच उभी होती आणि माझं खोटं तिला लहानपणापासून ओळखू यायचं. मी खरं ते सांगून टाकलं. खरं बोलल्याची इतकी हळहळ मला पुन्हा कधी वाटली नाही.

"म्हंजी तिला कायच लागत न्हवतं?"

"काहीच नाही. नुसतं राहू द्यायचं होतं."

रिकामी नळी ती कितीतरी वेळ पदराने पुसत राहिली.

"मग हितंबी माझी गरज न्हवतीच की."

तेवढ्यात आईने आतून लाडू मागितला. आत्याने ताटली भरली आणि रोजच्यासारखी उंबऱ्याच्या अलीकडे नेऊन ठेवली.