जोडे शिवणाऱ्याचं आडनाव

जर्मनीत, ब्योब्लिंगेनच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण स्पेनची. तिचं आडनाव सापातेरो. ऑफिसातले जर्मन 'त्सापातेरो' म्हणतात आणि ती स्वतः जिभेचं टोक दातांत धरून 'थापातेरो' म्हणते. सापातो म्हणजे जोडा, तो शिवणारा सापातेरो, असं तिनं पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये सांगितलं. कुणा पणजोबाच्या पणजोबानं जोडे शिवले असतील. आता घरात कुणाला साधी टाच बसवता येत नाही.

"आमच्या गावच्या शाळेत बाईंनी हजेरीला नुसतं आडनाव घेतलं की चौघं उठायची," ती म्हणाली. "तुझ्या आडनावाचा अर्थ काय?"

"गावाचं नाव आहे."

"कसं आहे गाव?"

"पाहिलेलं नाही."

खरंच नाही. बाबांनी ते एसटीच्या पाटीवर वाचलं आणि पुढे 'कर' लावला. मी दुसरीत होते. त्याआधी आमचं आडनाव म्हणजे आमची जात होती, आणि जातीचं काम तेच, जोडे शिवण्याचं. राजपत्रात नाव बदलून घ्यायला बाबांनी तालुक्याला किती खेटे घातले ते आई अजून सांगते. पुढे कॉलेजात मी पत्रकं लिहिली: लाज आडनाव सांगणाऱ्याला नको, ते ऐकून ओंजळीत वरून पाणी ओतणाऱ्याला वाटली पाहिजे. बाबांनीच ती घड्या घालून बसस्टँडवर वाटली.

यंदा माझं लग्न ठरलं. श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे इथल्या नोंदणी कार्यालयात, तिथल्या अधिकारी बाईंनी पासपोर्ट आणि जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवले. जन्मदाखल्यावर जुनं आडनाव होतं. मी राजपत्र दाखवलं. नवं आडनाव चालेल, त्या म्हणाल्या, पण त्याखाली जन्माचं म्हणून जुनंही छापलं जाईल.

बाबांना फोन केला.

"कुठे छापणार?"

"लग्नाच्या दाखल्यावर. नावाखाली."

"बरं." मग पंखा बंद केल्याचा आवाज. "काही करता येत नाही का, बाळा?"

मला वकील गाठता आला असता. राहू दे की बाबा, त्यात काय, असंही म्हणता आलं असतं. मीच तसं पत्रकात लिहिलं होतं. मी म्हटलं, "नाही."

लग्नाला साक्षीदार मैत्रीणच होती. बाईंनी मजकूर मोठ्यानं वाचला. ते आडनाव मी कित्येक वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं. त्यात शिवी नव्हती, बाईंना फक्त उच्चार जमत नव्हता. मला काहीच वाटलं नाही. वाटेल म्हणून जरा थांबूनही पाहिलं.

सही करताना मैत्रिणीनं त्याचा अर्थ विचारला.

"तुझ्या आडनावाचा आहे तोच."

"खरंच?" ती खूश झाली. "मग बदललंत कशाला, वेडे?"

मी पेन पुढे सरकवलं.

बाहेर येऊन दाखल्याचा फोटो बाबांना पाठवला. लगेच त्यांचा फोन आला.

"चष्मा सापडत नाहीये. ते बारीक अक्षरात आहे ना?"

दाखला माझ्या हातात होता. दोन्ही आडनावं एकाच मापात होती.

"हो बाबा," मी म्हटलं. "अगदी बारीक."