कुमुदबेनचं पाणी

मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून ऐकलेलं सगळं आत साठत जातं. कुमुदबेनच्या वर्गाचे किस्से तर इतके साठलेत, की आता लिहूनच काढते.

सुरतेतल्या प्लेगच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी नववीत होते. लिंबायतला आमच्या गल्लीत कुमुदबेन राहायच्या, रिटायर्ड शिक्षिका. दुपारी त्या आमच्या खानदेशी बायकांना गुजराती शिकवायच्या. काकांच्या लूमवर काम कमी झालं होतं, त्यामुळे काकीला अंगणवाडीत मदतनीस व्हायचं होतं. अर्ज गुजरातीत, साहेबांसमोर बसून, स्वतःच्या हाताने लिहायचा होता. मी तिच्या सोबतीला वर्गात बसायचे.

*

कुमुदबेन कुणाला "चुकलं" म्हणायच्या नाहीत. स्टीलचा पेला समोर सरकवायच्या. "पाणी पीओ, बेन." घोट घेता घेता आपली चूक आपणच शोधायची. पहिल्या दिवशी काकीला सात पेले मिळाले. आठव्याला ती म्हणाली, "माले इतली तहान नही, बेन!"

*

शेजारचे रिक्षावाले भाऊ स्वतःच्या गुजरातीवर खूश. एकदा कुमुदबेनच्या दारात उभे राहून अर्धा तास बोलले आणि चार पेले रिचवून गेले. मग गल्लीभर सांगत फिरले, बाई फार मायाळू आहे! त्यांना खरं कुणीच सांगितलं नाही.

*

हळूहळू माझ्या लक्षात आलं, पेला चुकीच्या आधी येतो. काकीने अजून तोंडही उघडलेलं नसे आणि पाणी समोर असे. पुढच्याच वाक्यात ती चुके. मी वहीत खुणा करून पाहिल्या. एकदाही उलटं झालं नाही.

*

एक पेला रोज रिकाम्या झोपाळ्यावर असायचा. मी धीर करून विचारलं. कुमुदबेन सहज म्हणाल्या की मिस्टर धुळ्याचे, त्यांचं अजूनही चुकतं. झोपाळ्यामागच्या भिंतीवर मिस्टरांचा हार घातलेला फोटो होता. वर्ग सुटेपर्यंत तो पेला अर्धा झालेला असे.

*

अर्जाच्या आठ दिवस आधी कुमुदबेन वारल्या. काकीने वही कपाटात टाकली. "आते माले कोण सांगी?" एवढंच म्हणाली. मीच तिला ओढत ऑफिसात नेलं.

साहेबांसमोर ती लिहायला बसली, मी मागच्या बाकावर. तीन ओळी झाल्या. कारकुनाने टेबलावरची फाइल उचलली, तर काकीच्या हाताशी पाण्याचा पेला. काकीने त्याच्याकडे पाहिलं. एक घोट घेतला. पहिली ओळ पुन्हा वाचली, एक शब्द खोडून वर नीट लिहिला.

साहेब अर्ज वाचून म्हणाले, सोमवारपासून या.

आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा कारकुनाने हाक मारली, "बेन, आ तमारो प्यालो तो लेता जाओ."

आम्ही घरून पेला नेलाच नव्हता. काकीने तो हातात घेऊन फिरवला. काठावर टिपक्याटिपक्यांनी गुजरातीत नाव कोरलं होतं.

"कुमुद," काकीने वाचलं, जराही न अडखळता.