लेडीजचं दार

सोलापुरातल्या चंद्रविलास थिएटरचा इतिहास हवा असेल तर बापूसाहेबांकडे जावं. आजोबांनी ते कसं बांधलं, नाटक कंपन्या बिऱ्हाडासकट कशा उतरायच्या, पुढे बोलपट आले आणि रंगमंचावर पांढरा पडदा कसा चढला, हे सगळं मालक चहा पाजून सांगतात. उरलेला इतिहास दाक्षायणीअक्काकडे आहे. ती चहा पाजत नाही, उलट पिते.

अक्का तिथं डोअरकीपर होती, लेडीजच्या दारावर. बायकांसाठी बाजूच्या बोळात वेगळं दार होतं. गिरणीवाल्यांची गर्दी सुटायच्या आत त्या घरी निघाव्यात म्हणून सिनेमा संपण्याच्या जरा आधीच अक्का ते उघडायची. पडद्यावर नायिका विहिरीच्या काठावर उभी, आणि इकडे बोळातलं ऊन आत आलं की बायका चपला शोधायला लागायच्या. पोर काखेत, पिशवी हातात. शेवट बघायची ती एकटी अक्का, दार धरून.

दुसऱ्या दिवशी नळावर तिचा खेळ सुरू. "अक्का, पुढं काय झालं गं?" अक्का आधी स्वतःची घागर पहिली लावून घ्यायची, मग सांगायची. आणि शेवट पसंत नसला की दुरुस्त करून सांगायची. पडद्यावर सुधारलेली खाष्ट सासू अक्काच्या तोंडी जिन्यावरून पडायची.

एका सिनेमातली कुसुम, नवऱ्याने हाकललेली, शेवटी त्याच्याच पायावर डोकं ठेवते. अक्काला ते पटलं नाही. "पाया कशाला पडतीया? शिकली की! मास्तरीण झाली. नवरा दारात आला तर म्हणली, शाळा सुटल्यावर ये."

ऐकणाऱ्यांत यशोदा होती, नवऱ्याने माहेरी आणून सोडलेली. त्याच जूनमध्ये तिने डी.एड.ला नाव घातलं. पुढे हेडबाई होऊन रिटायर झाली आणि येता-जाता सांगत राहिली, "मला त्या कुसुमनं उभं केलं." हे वाक्य आलं की अक्काला चुलीवर दूध ठेवल्याचं आठवायचं.

यंदा चंद्रविलास पाडून कॉम्प्लेक्स बांधायचं ठरलं. बापूसाहेबांना हौस, शेवटचा तीनचा शो जुन्या प्रेक्षक बायकांना फुकट. सिनेमा कुठला, तर नेमका तोच.

"अक्का, आज कुसुमचा शेवट डोळ्यांनी बघणार," यशोदाबाई म्हणाल्या.

"शेवटात काय ठेवलंय, बाई? ए.सी. न्हाय, काय न्हाय. डोकं धरंल."

तरी अक्का बाईंच्या मागोमाग आत जाऊन बसली. बाईंचा सगळा जन्म आपल्या एका थापेवर उभा, आणि आज ती थाप उघडी पडणार.

कुसुम नवऱ्याच्या उंबऱ्याशी आली तशी अक्का उठली. बोळाच्या दाराशी जाऊन तिने गंजलेली कडी दोन्ही हातांनी ओढली. ऊन आत आलं, आणि अख्खी लेडीज बाजू उठली! गुडघ्यांवर हात रेटत, "अगं आई गं" करत सत्तरीच्या बायका चपला शोधू लागल्या. गिरण्या बंद होऊन जमाना झाला, गर्दी कसली न् काय! पण पायांना कोण सांगणार?

"अहो बसा! पाचच मिनिटं राहिलीत!" बापूसाहेब ओरडताहेत. बायका बोळात.

यशोदाबाई मात्र हलल्या नाहीत. तास संपल्याशिवाय उठायची त्यांना सवयच नव्हती. अक्का दार धरून उभी राहिली, पडद्याकडे पाठ करून.

दिवे लागले. बाई सावकाश दाराशी आल्या.

"अक्का, ती पाया पडली."

"व्हय."

"तुला माहीत होतं."

"हितंच तर हुबी होते की." अक्काने मान खाली घातली. "मला ते लई वंगाळ वाटलं, बाई."

कॉपी करताना सापडलेल्या पोरीकडे बघावं तसं बाईंनी तिच्याकडे बघितलं. तेवढ्यात बोळात थांबलेल्या बायकांतून केराबाईने हाक घातली, "ओ बाई, शेवटाला काय झालं वो?"

बाई बाहेर आल्या. चपलेत पाय सरकवत म्हणाल्या, "काय व्हायचंय? मास्तरीण झाली. नवरा दारात आला तर म्हणाली, शाळा सुटल्यावर ये."

"आन् सासू जिन्यावरनं पडली," अक्काने मागून भर घातली.